सूत्र दिसलं पाहिजे

१ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. कारण : केलेल्या कामाची नोंद असावी. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं. खोटं लिहायची मला सवय नाहीच, पण नियम केलेला बरा.

काल राजवर्धनदादांनी ‘गणिताची चावडी’चा पासवर्ड मला दिला. ही साइट त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी काढली, त्यांच्या कोरेगावच्या नानासो सरांसाठी. सर निवृत्त झाले, घरी करमेना. मग सातारा-सांगलीकडच्या मुलांनी प्रश्न टाकायचे आणि सरांनी उत्तरं द्यायची, असं सुरू झालं. दादा आता फौजेत. बदली अशा ठिकाणी की तिथे महिना महिना नेट नाही. म्हणाले, “ब्राह्मी, चावडी सांभाळ. काही बदललंस तर सरांना विचारून बदल.”

सांभाळेन. आमच्या गावात क्लास नव्हता, चावडी होती. आप्पा चौथीपर्यंत, आई शाळेत गेलीच नाही, आणि मी एम.एस्सी. गणित, प्रथम श्रेणी. मधलं सगळं सरांनी केलं, तेही मला एकदाही न बघता.

संकल्प : चावडीवर गणित हे गणितासारखं दिसेल असं करणार. मुदत ३१ डिसेंबर.

३ डिसेंबर

अडचण मांडून ठेवते. चावडीवर एकच नियम आहे, सरांनी घातलेला : “सूत्र तोंडाने म्हणतो तसं लिहा.” त्यामुळे सगळे लिहितात, “कंसात ए अधिक बी, कंस पूर्ण, त्याचा वर्ग, भागिले दोन सी.” कॉलेजला पहिल्या वर्षी फळ्यासमोर उभी राहून मी “कंस पूर्ण” म्हणाले, तेव्हा वर्ग हसला होता. बाक वाजवले होते. पुढच्या मुलींवर ती वेळ येऊ नये. हे मी स्वतःसाठी करत नाही.

उपाय : डॉलरच्या दोन खुणांमध्ये सूत्र लिहायचं, की ते पुस्तकात छापल्यासारखं उमटतं. भागाकाराची आडवी रेघ, मुळाचं छप्पर, घाताचे बारीक आकडे, सगळं. जगभर असंच लिहितात.

आई शेंगा फोडत बसली होती. तिला समजावून सांगितलं. म्हणाली, “मग मला कसं कळायचं गं?” मी शाळेत असताना सरांची उत्तरं मोठ्याने वाचायची, ती हिला आवडायची. म्हणे, “कंस पूर्ण म्हनलीस की वाटायचं, चला, येक काम हातावेगळं झालं.” अजूनही आमच्याकडे आप्पा नि चुलत्यांचं भांडण मिटलं की आई “कंस पूर्ण” म्हणून चहा टाकते.

गणित ऐकायची गोष्ट नाही, बघायची गोष्ट आहे, असं तिला सांगितलं. ती शेंगा फोडत राहिली.

५ डिसेंबर. दुपारी

सरांना फोन करून विचारलं. म्हणजे सांगितलं. सांगितल्यावर ते नको म्हणाले नाहीत, म्हणजे विचारल्यासारखंच.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जुनी पद्धतबी ऱ्हाऊ दे की बाजूला.” मी म्हटलं, सर, दोन्ही ठेवल्या तर मुलं जुनीच धरून बसतील.  मग, “दिसायला चांगलं असंल ना?” म्हटलं, फारच सुंदर. तर म्हणाले, “तू शिकलेली हाईस. तुला कळतंय.”

परवानगी मिळाली. सरांचा आवाज जड झाला होता. अकरा वर्षांनी कुणीतरी चावडीकडे लक्ष दिलं, त्याचा हा परिणाम.

८ डिसेंबर, रविवार

मुलांचे फोन जुने. नवी सूत्रं दाखवताना फोन अडकतो, पान निम्मं येतं. तोडगा सापडला : प्रत्येक सूत्राचं आपल्याकडेच चित्र करायचं आणि चित्र पाठवायचं. कुठल्याही फोनवर दिसेल. मला स्वतःचं कौतुक आवडत नाही, पण हे पटकन सुचलं.

प्रत्येक चित्रासोबत वर्णन लिहायला एक जागा असते. ऐच्छिक आहे. मोकळी सोडली. ऐच्छिक गोष्टी शेवटी करायच्या.

१२ डिसेंबर

आज नियमावली लिहिली. सरांचा एक नियम होता, माझे नऊ झाले. महत्त्वाचे दोन इथे उतरवून ठेवते. नियम चार : चावडीवर गणिताव्यतिरिक्त कोणताही प्रश्न विचारू नये. नियम सात : साइटवर कोणताही बदल केल्यास त्याचं खरं कारण सर्वांना जाहीर कळवावं.

सातवा नियम माझ्यावरच बंधन घालणारा आहे. मुद्दामच घातला.

सरांचा जुना नियम काढला. मनाला लागलं थोडं. पण मग दोनदा हात धुतले आणि काढला.

२२ डिसेंबर, रविवार. सकाळी ९.१५

मुदतीच्या नऊ दिवस आधी शुभारंभ!

नुसतं पुढचं नाही, मागचंही सगळं बदललं. अकरा वर्षांतली सरांची नऊ हजार चारशे बारा उत्तरं, सगळी चित्रांत. एक प्रोग्राम लिहिला, रात्रभर आपोआप चालला, मी वेळेवर झोपले. जुन्याची प्रत तीन ठिकाणी ठेवली आहे, एक पेनड्राइव्ह ज्वारीच्या डब्यात. आईला सांगितलं, दळायला नेऊ नकोस.

प्रतिक्रिया उत्तम. कवठे महांकाळची चंदना (बारावी, फार कष्टाळू) लिहिते, “ताई, डोळ्याचं पारणं फिटलं.” साताऱ्याचा ऋषिराज (बारावी, फार शहाणा) लिहितो, “चला, चावडी एकदाची या शतकात आली.”

सरांनी काहीच लिहिलं नाही. आनंद झाला की काही माणसं गप्प होतात. आमचे आप्पा तसेच आहेत.

२६ डिसेंबर

निरीक्षण. पूर्वी प्रश्न पडला की अर्ध्या तासात सरांचं उत्तर यायचं. गेल्या चार दिवसांत एकोणीस प्रश्न, दोन उत्तरं. बहुधा नवी सूत्रं न्याहाळत असतील.

त्यातलं एक उत्तर मात्र अप्रतिम. मुलाने एक समीकरण टाकलं होतं. सरांनी लिहिलं, “बरोबर चिन्हाच्या अलीकडे काय आहे, ते तू मला आधी शब्दांत सांग.” केवढी खोल पद्धत! उत्तर द्यायचं नाही, विचार करायला लावायचं. हे नव्या मांडणीमुळेच शक्य झालं.

आईला सांगितलं. आई म्हणाली, “त्यास्नी दिसंना झालं आसंल.”

तिला अध्यापनाची ही रीत नीट समजावून सांगितली. पाऊण तास लागला. “व्हय? मग ऱ्हायलं,” म्हणाली.

२९ डिसेंबर, रविवार

सरांचे आज तीन फोन येऊन गेले. घेतले नाहीत. माझ्याकडे दोषांची एक यादी आहे (कुठे रेघ तिरकी येते, कुठे कंस लहान पडतो), त्यात चौदा दोष शिल्लक आहेत. अर्धवट काम हातात धरून मोठ्या माणसांशी बोलू नये.

संकल्प : यादी शून्यावर आल्याशिवाय सरांचा फोन घ्यायचा नाही.

मनाला बरं वाटलं नाही. पण संकल्प मनाला बरं वाटायला करत नाहीत.

१ जानेवारी २०२५

सरांनी या आठवड्यात “कंसात काय आहे?” सात वेळा विचारलं. “वर काय, खाली काय, ते सांग,” चार वेळा. सगळी वेगळी उतरवून ठेवते आहे. पुढेमागे ‘नानासो पद्धत’ असा लेख लिहिता येईल.

मुलं मात्र अधीर. ऋषिराजने लिहिलं, “सर, वर जे दिसतंय तेच आहे की हो.” उद्धटपणाबद्दल त्याला नियम दोनखाली समज दिली.

सरांचा फोन, दोनदा. दोष अकरा.

७ जानेवारी

वाईट झालं.

चंदनाने परवा इंटिग्रेशन टाकलं होतं, शून्य ते पाय, साइनचा घन. दुसऱ्या दिवशी तिची पूर्वपरीक्षा. सरांचं उत्तर वेळेत गेलं, पण साइनच्या वर्गाचं. चार भागिले तीन यायला हवं होतं, सरांनी पाय भागिले दोन दिलं. पोरीने सरांचं म्हणून डोळे झाकून पाठ केलं, आणि पेपरात नेमकं तेच आलं.

तिने लिहिलं, “सर, माझं चुकलं असंल, पण तुमचंबी चुकलंय.” अकरा वर्षांत पहिल्यांदा. खाली ऋषिराज : “सर, वय झालं आता. आराम करा.” त्याला तेवीस अंगठे.

प्रश्नात तो घनाचा तीन चांगला ठळक दिसत होता. मी चारदा तपासला. म्हणजे दोष माझ्या मांडणीचा नाही. हे स्पष्ट लिहून ठेवणं आवश्यक होतं.

 सरांचा फोन आला नाही. मी घेतला नसता, पण आला नाही.

९ जानेवारी

उपाय केला. यापुढे कुणाचंही उत्तर आलं की त्यावर पिवळी पट्टी येईल : ‘तपासणी बाकी’. मी तपासलं की पट्टी हिरवी. त्यामुळे सरांवर कुणी बोट ठेवणार नाही.

पट्टीतून सरांना वगळावं का, यावर संध्याकाळी जेवण होईपर्यंत विचार केला (आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवतात, आणि हल्ली तो लवकर मावळतो, तेव्हा फार वेळ मिळाला नाही). वगळलं तर तो पक्षपात. पट्टी सर्वांना सारखी. सध्या उत्तरं देणारे एकटे सरच आहेत, हा योगायोग.

१४ जानेवारी

संक्रांत. आईच्या फोनवर सकाळपासून तिळगुळाची चित्रं. एकेक माझ्यापुढे धरते, “ह्यात काय हाय? पोटात काय लिवलंय?” अठरा वाचून दाखवली, मग माझा आवाज चढला. सगळ्यात एकच आहे आई, गोड बोला.

आई म्हणाली, “मग तसं तोंडानं म्हना की. चित्र टाकत्यात आन् गप बसत्यात. माज्यासारकीनं काय करायचं, फोन हुंगायचा?”

नंतर तिला तिळगूळ दिला. तिने घेतला, पण काही म्हणाली नाही.

सरांची पाच दिवसांत एकच नोंद. पिवळ्या पट्टीखाली. “प्रश्न समजला नाही. क्षमस्व.” क्षमस्व! एवढ्या मोठ्या माणसाचा हा नम्रपणा. पट्टी हिरवी करू की नको, ठरेना. उत्तर नव्हतं, पण चूकही नव्हतं. तशीच ठेवली.

दोष तीन.

१९ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ५.३०

दोष शून्य!!

सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी सरांना फोन लावला. सरांच्या पत्नीने, चंद्राबाई काकूंनी, उचलला. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्ये फोन घेत न्हाईत आता. फडताळात ठिवलाय, कापडात बांधून.” म्हटलं, तब्येत? “तब्येतीला काय झालंय? हाईत आपलं भिताडाकडं तोंड करून.”

मुलांची पूर्वपरीक्षा संपली, म्हणजे सरांनी विश्रांती घेतली. योग्यच आहे.

पण मनात एक विचार येतो आहे. तो पूर्ण करत नाही.

ठरवलं : उद्या स्वतः कोरेगावला जायचं. सरांची निवडक पन्नास उत्तरं जाड कागदावर रंगीत छापून घेतली. सर बघतील आणि खूश होतील.

२० जानेवारी. परतीच्या गाडीत

अक्षर हलतंय, ते गाडीमुळे.

काकूंनी दार उघडलं. “सांगलीची? म्हंजे ब्राह्मी तूच व्हय. बस.” सर सोप्यात खुर्चीवर. मी पाया पडले तर माझ्या डोक्यावर हात ठेवायला त्यांना दोनदा हात फिरवावा लागला. मी छापलेली उत्तरं पुढे केली. सरांनी दोन्ही हातांनी कागद घेतले, वरून बोटं फिरवली, म्हणाले, “कागद भारीतला हाय.”

कागद उलटे होते.

काकू आतून म्हणाल्या, “आवं, सांगून टाका की तिला. काचबिंदू हाय त्यास्नी. मिरजंला दोनदा नेलं, डॉक्टर म्हनले जितकं गेलं तितकं गेलं. दोन वर्सं झाली.”

दोन वर्षं. दोन वर्षांतली सगळी उत्तरं सरांनी ऐकून, तोंडी सांगून दिलीत. त्यांचा फोन पान वाचून दाखवतो. काकूंनी फडताळातून काढला, सरांनी लावून दाखवला. भराभर बोलतो, मला समजेना, सरांना समजतं. चंदनाचा तो प्रश्न लावला. फोन म्हणाला, “सर, उद्या पूर्वपरीक्षा आहे, कृपया लवकर सांगा. इंटिग्रेशन करा. चित्र.” वर्णनाची ती ऐच्छिक जागा मोकळी असली की फोन एवढंच म्हणतो.

सर म्हणाले, “पूर्वपरीक्षेला दरसाल साइनचा वर्ग येतोय. म्हटलं, त्योच असंल.”

मग त्यांचंच एक जुनं उत्तर लावलं. “प्रथम चित्र घेऊ. म्हणून चित्र बरोबर चित्र. यावरून चित्र.” काकू म्हणाल्या, “दुपारचं जुनी उत्तरं ऐकत बसायचे. कंस पूर्ण, कंस पूर्ण, मलाबी पाठ झालं हुतं. आता न्हाई.”

मी विचारलं, सर, फोनवर सांगितलं का नाहीत? ते म्हणाले, “केला हुता की फोन.”

गेले महिनाभर मी रडायचं नाही असं ठरवलेलं आहे (वेगळ्या कारणासाठी), ते पाळलं. म्हटलं, उद्या सकाळपर्यंत सगळं होतं तसं करते. सर म्हणाले, “कर. पर येक कर ब्राह्मी, कुणाला सांगू नगंस. पोरं म्हनत्याल, आंधळा मास्तर हाय, उत्तर तपासून घ्या. त्यापरीस गेलेलं बरं.”

वचन दिलं. पिवळ्या पट्टीबद्दल सांगितलं नाही. फोनने त्यांना ती वाचून दाखवली असणारच.

२१ जानेवारी. दुपारी १२.३०

सगळं पूर्ववत. चित्रं गेली, शब्द आले. सरांचा नियम पुन्हा वर. पट्टी काढली. ज्वारीच्या डब्याची वेळ आली नाही, तेवढी मी दूरदर्शी आहे.

आणि सकाळपासून सरांची सहा उत्तरं! अर्ध्या तासाच्या आत, पूर्वीसारखी. पहिलं चंदनाला : “तुझं चुकलं नव्हतं. माझं चुकलं. साइनचा घन म्हणजे साइन गुणिले कंसात एक वजा कोसाइनचा वर्ग, कंस पूर्ण. इथून पुढे तू कर.” आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आलं का मास्तर परत? लय बरं झालं.”

बरं झालं. पण एक बाब राहते. नियम सात.

२१ जानेवारी. संध्याकाळी ५.५०

नियम सातप्रमाणे बदलाचं खरं कारण जाहीर कळवणं भाग आहे. खोटं कारण देता येत नाही. कारण न देणं म्हणजे माझाच नियम मी मोडणं. आणि सरांना तर वचन दिलंय. तीन तास मसुदे केले. शेवटी दोन्ही पाळता येईल असं वाक्य सापडलं :

“चावडीवरील एका ज्येष्ठ सदस्यांच्या दृष्टिविषयक अडचणीमुळे जुनी पद्धत पुन्हा सुरू करत आहोत. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

नाव घेतलेलं नाही. वचन शाबूत. टाकलं आणि जेवायला बसले.

२२ जानेवारी

अकरा मिनिटं लागली मुलांना ओळखायला.

चावडीवर ज्येष्ठ सदस्य किती आहेत, हे मी मोजलं नव्हतं. एक आहेत.

पहिला ऋषिराज. “सर, मला माफ करा. तुम्ही आंधळे असून आम्हाला प्रकाश दाखवलात.” हे त्याने सद्भावनेने लिहिलंय, म्हणून समज देता येत नाही. मग रांग लागली. सकाळपर्यंत तीनशे चाळीस. हात जोडलेले, फुलं, समई, उगवता सूर्य, गरुड, पुन्हा समई. सगळी चित्रं. वर्णनाची जागा कुणीच भरलेली नाही.

चंदनाने मला वेगळा निरोप पाठवला, “ताई, आता सरांना कसं वो विचारायचं? पाप लागंल.”

दुपारी काकूंचा फोन. “अगं, ह्ये सकाळधरनं नुसतं चित्र, चित्र, चित्र म्हनतंय. काय झालंय त्याला?” मी म्हटलं, काकू, मुलं नमस्कार करताहेत. त्या म्हणाल्या, “आन् प्रश्न?”

२६ जानेवारी

प्रश्न : शून्य. बारावीची परीक्षा सोळा दिवसांवर.

चित्रं टाकायला बंदी करावी असं ठरवलं. नियम दहा. पण त्याचंही खरं कारण द्यावं लागेल.

३० जानेवारी

प्रश्न शून्य. गेल्या वर्षी याच आठवड्यात एकशे सहा होते. वृत्तपत्रासारखी एक बातमी ऋषिराजने स्वतः लिहून चावडीवर टाकली आहे, वर सरांचा फोटो, काळा चष्मा त्यानेच रेखाटून चिकटवलेला. पाचशे अंगठे.

सरांनी एक ओळ लिहिली, “मुलांनो, प्रश्न टाका.” खाली दोनशे समया.

४ फेब्रुवारी. दुपारी ४.००

कुणीतरी सुरुवात करायला हवी. मीच प्रश्न टाकला. सरांच्या पद्धतीने, तोंडाने म्हणतो तसा : “कंसात एक्स अधिक एक, कंस पूर्ण, त्याचा घन, भागिले एक्स. याचं इंटिग्रेशन कसं करावं?” आईला आधी वाचून दाखवला. तिने मान डोलावली.

नऊ मिनिटांत सरांचं उत्तर आलं : “हे तुला येतंय. येत नसलेला प्रश्न असंल तर विचार.”

४ फेब्रुवारी. ५.४५

पावणेदोन तास बसले आहे. मला न येणारं गणित एकही आठवत नाही.

न येणारा प्रश्न एक आहे. सरांनाच विचारायचा, माझ्या हातून झालं त्याबद्दलचा; लिहूनही झाला होता. पण तो गणिताचा नाही, नियम चारमध्ये बसत नाही.